डब्बा सरांची तेरवी

डब्बा सरांना डब्यात काय आहे असं कोणी विचारलेलं खपत नसे. विचारणारा ग्राहक असो, त्यांची बायको असो की मी, उत्तर ठरलेलं: "डब्यात का आहे ते डब्याले नाही विचारायचं. चिठ्ठीवर का लिहिलं आहे ते वाचायचं." घरातल्या यच्चयावत डब्यांवर त्यांनी स्वतःच्या हाताने चिठ्ठ्या डकवल्या होत्या. त्यांची बायको सोशिक होती, पण इतकी नाही. तिने एक दिवस निषेध म्हणून सगळ्या डब्यांतला माल अदलाबदल करून टाकला आणि माहेरी निघून गेली. त्याच दिवशी मी कामासाठी त्यांच्या घरी गेले, आणि सरांनी हौसेने चहा केला. साखरेच्या डब्यात मीठ होतं. मी माझा कप मोरीत ओतला. सरांनी शेवटच्या घोटापर्यंत चहा संपवला, तोंड पुसलं आणि म्हणाले, "चिठ्ठी चुकली. डब्याचा का दोष?"

आमच्या गोंदियात 'डब्बा' हा काही मानाचा शब्द नाही. बंद पडलेली गाडी डब्बा, नापास पोरगं डब्बा, आपटलेला सिनेमा डब्बा. आमच्या लॅबमधल्या पोरींनी सरांना हे नाव पाठीमागे ठेवलं आणि महिन्याभरात ते तोंडावरही आलं. सर चिडले नाहीत. उलट तिरोड्याच्या एका फोटोग्राफरने चुकून त्यांचं खरं नाव घेऊन हाक मारली, तर त्यांनी मागे वळूनही पाहिलं नाही. "एका डब्याले दोन चिठ्ठ्या लावू नोका," असं त्याला वर ऐकवलं.

माझ्या नवऱ्याने आणि मी १९९९ मध्ये फुलचूरला कलर लॅब टाकली, तेव्हा जिल्हाभरातून रोल यायचे. कंडक्टरच्या हाती रोल, परत त्याच बसने प्रिंट. मग रोल गेले आणि हार्ड डिस्क आल्या. फोटोग्राफर अख्खी लग्नसराई एका हार्ड डिस्कमध्ये कोंबायचा, ती डिस्क एक दिवस टकटक वाजून मरायची, आणि मुलीचा बाप स्टुडिओत यायचा. देवरीचा एक फोटोग्राफर अशा बापापासून पळून आमच्या डार्करूममध्ये दुपारभर दडून बसला होता. डार्करूमचा तो शेवटचा उपयोग. तेव्हाच मी ठरवलं की सगळ्या स्टुडिओंचे फोटो एकत्र, धड ठेवायची सोय करायची. नवऱ्याचा एक शाळासोबती बंगलोरला असल्याच कामात होता आणि नुकताच नोकरी सोडून परत आला होता.

हेच डब्बा सर. चोरखमारा तलावाच्या पाण्यावर भिजणारी त्यांची शेती, घरी धान पिकतं, कशाची कमी नाही. बंगलोर का सोडलं, असं मी पहिल्याच दिवशी विचारलं. "माणसं बरी होती, वहिनी. भात बरा नव्हता." त्यांच्या बायकोच्या मते ते साहेबाशी भांडून आले होते. मला दोन्ही कारणं पटतात. साहेबाशी भांडण नक्की जेवणाच्या वेळीच झालं असणार.

त्यांनी तीन मशीनं घ्यायला लावली. एक आमच्याकडे फुलचूरला, एक तिरोड्याला, आणि एक सडक अर्जुनीला गुड्डूभाऊंच्या स्टुडिओमागच्या खोलीत. गुड्डूभाऊंचा स्टुडिओ हायवेला लागून, शेजारी ढाबा, समोर ट्रकांची रांग. तिन्ही मशीनं फोनच्या तारेने एकमेकांशी बोलायची. फोटो आला की सर त्याचे तुकडे करत, प्रत्येक तुकडा एका डब्यात, डब्याला एक चिठ्ठी, आणि असा प्रत्येक डबा तिन्ही ठिकाणी. चिठ्ठी दाखवा, डबा मिळेल. बाकी काही नाही. वर्षांचे कप्पे नाहीत, गावांचे कप्पे नाहीत.

"म्हणजे मांडणीच नाही?" मी विचारलं. माझं कपाट तुम्ही पाहिलंत तर माझा धक्का समजेल.

"मांडणी माणसाले लागते. मशीनले चिठ्ठी पुरते."

चिठ्ठी आणि डबा सांभाळणारा तळाचा प्रोग्राम त्यांनी इंटरनेटवरून फुकट उतरवला होता. जगातल्या मोठमोठ्या कंपन्या तोच वापरतात, असं ते सांगत. त्याच्या वरचं सगळं, म्हणजे कुठला डबा कुठे ठेवायचा, तिघांनी एकमेकांना काय विचारायचं, हे त्यांनी स्वतः लिहिलं होतं. "खालचा माल फुकटचा, वरचा माझा," ते म्हणायचे. "फुकटचा माल बिघडत नाही, एवढं ध्यानात ठेवजा." बिघाड झाला की मी हे वाक्य त्यांना शब्दशः परत करत असे.

सर काम करायचे ते खर्रा घोटत. तंबाखू, सुपारी, चुना प्लास्टिकच्या तुकड्यात गुंडाळून तळहातावर घासत राहायचे, आणि डोळे पडद्यावर. लॅबमध्ये खर्रा चालणार नाही असं मी बजावलं होतं, म्हणून ते दारात उभे राहून घोटत आणि आतल्या पोरीला ओरडून टाइप करायला सांगत. फुकटचा प्रोग्राम कसा चालतो हे मला त्यांनी दारातूनच समजावलं. "धान कापला की आपण का करतो? बांधीतल्या बांधीत पुंजणे घालतो. आला भारा, रचला. आधीच्या पुंजण्यात हात घालत नाही. मंग एक दिवस सगळे पुंजणे एकत्र करून चुरतो, तवा दाणा निराळा, तणस निराळं. हा प्रोग्रामही तसाच. जुनं खोडत नाही. नवं वर रचते, अन् सवडीनं चुरते." कॉम्प्युटरविषयी मला आयुष्यात जेवढं समजलं त्यातलं निम्मं या एका दारात समजलं.

त्यांची पहिली मोठी फजिती आडनावांनी केली. सुरुवातीला प्रत्येक चिठ्ठी नवरदेवाच्या आडनावाने सुरू व्हायची, आणि आडनावाच्या पहिल्या अक्षरावरून फोटो आधी कुठल्या मशीनने घ्यायचे ते ठरायचं. त्या मशीनने मग बाकी दोघांना वाटायचे. अक्षरं तिघांत अगदी समसमान वाटली होती. प ते म सडक अर्जुनीकडे. लग्नसराई लागली आणि सडक अर्जुनीचं मशीन आचके द्यायला लागलं. तिरोड्याचं मशीन तेवढ्या वेळात झोपा काढत होतं. आमच्या भागातली पोवारांची लग्नं म्हणजे पटले, बिसेन, बोपचे, पारधी, पुन्हा पटले, पुन्हा बिसेन. एका मुहूर्तावर अख्खी बारात एकाच दारात. सर स्वतः त्याच समाजातले, आणि चिठ्ठ्या बनवताना हे त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं.

"माळव्यातून निघताना तुमच्या पूर्वजांनी थोडी जास्त आडनावं सोबत आणायची होती," मी म्हटलं.

"बैलगाडीत जागा नव्हती," सर म्हणाले. दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी चिठ्ठ्यांवरचं आडनाव जाऊन आकड्यांची खिचडी आली. तिच्यात पटले कोण आणि परदेशी कोण ते देवालाही कळलं नसतं. तिन्ही मशीनं सारखी राबायला लागली. "समाजात झालं नाही ते आपण मशीनमध्ये केलं," असं मग ते चारचौघांत सांगत फिरले.

दुसरी फजिती त्याहून मोठी होती. तिच्यासाठी आधी तेरवी सांगायला हवी.

आपल्याला वाटतं, फोटो पुसला की पुसला. सरांच्या कारभारात तसं नव्हतं. डबा पुसायचा झाला तर त्याच चिठ्ठीवर 'मेला' असं लिहून ठेवायचं. कारण त्या वेळी एखादं मशीन बंद असलं, तर ते जागं झाल्यावर विचारणार, माझ्याकडे हा डबा आहे, तुमच्याकडे का नाही? तेव्हा बाकीच्यांकडे 'मेला' ही चिठ्ठी दाखवायला हवी. ती नसेल तर त्यांना वाटणार, आपल्याकडूनच हरवला, आणि ते त्याच्याकडून डबा परत मागून घेणार. मेलेला उठून बसणार. पण या मेल्याच्या चिठ्ठ्या जन्मभर साठवत बसलं तर कारभार जड होतो. म्हणून काही दिवसांनी त्याही काढून टाकायच्या. या मुदतीला सरांनी नाव दिलं होतं तेरवी. आणि नाव तेरवी दिलं म्हणून मुदतही तेरा दिवसांची ठेवली. दुसरं काहीही कारण नाही. बंगलोरमध्ये असताना त्यांनी ती अशी ठेवली नसती. इथे बोटं आपसूक तेरावर गेली.

"तेरा दिवसांत मेल्याची बातमी कुठंही पोचते," ते म्हणाले.

"माझ्या आत्याच्या तेरवीनंतर तिचा एक भाचा सुरतेहून तिच्यासाठी साडी घेऊन आला होता," मी म्हटलं.

"मशीन म्हणजे भाचा नाही, वहिनी."

या गोष्टीनंतर त्याच उन्हाळ्यात प्रणाली आली. सडक अर्जुनीजवळच्या खेड्यातली, बी.एस्सी. झालेली, एकटीच बसने आली होती. काउंटरवर पर्स ठेवली आणि म्हणाली, "काकू, माझं लग्न पुसून द्या."

लग्न गेल्या हिवाळ्यातलं. फोटो गुड्डूभाऊंनी काढलेले. दोन महिन्यांत कळलं की नवऱ्याचा रायपूरला आधीपासून एक संसार आहे, त्यात दोन मुलंही. ती बॅग घेऊन परत आली, रीतसर सुटका करून घेतली. आता दुसरं लग्न ठरलं होतं. मुलाकडच्यांना सगळं माहीत होतं, काही लपवलेलं नव्हतं. "माहीत असू द्या," ती म्हणाली. "माहीत असणं निराळं आणि पाहणं निराळं. त्याच्या गळ्यात हार घालताना मी हसून राहिली आहे. ते हसणं आता कोणाले दिसलं नाही पायजे. मलेही नाही."

सर दारातून आत आले. पोरीची अडचण त्यांना कळली होती, पण समजावण्याची खोडही होती. "असं आहे बाई, आपण पुसत नाही, मेल्याची चिठ्ठी लावतो..."

"मेला म्हणा का जित्ता म्हणा. मले दिसला नाही पायजे. दिसला तर तुमच्या दुकानासमोर येऊन बसीन."

"नाही दिसणार," सर म्हणाले. असा शब्द ते सहसा कोणाला देत नसत. माझ्या नवऱ्याला उद्या येतो असंसुद्धा ते 'पाहू' म्हणून सांगायचे. तिच्यासमोर बसून त्यांनी तिचे सगळे डबे मारले. ती पडद्यावर पाहत होती. फोटो गेले तेव्हा तिने पर्स उचलली, आणि लॅबमधल्या पोरीने दिलेला चहाही प्यायली.

ज्या दिवशी हे झालं त्या दिवशी सडक अर्जुनीचं मशीन बंद होतं. आदल्याच दिवशी तिथली डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर, जळाली होती. लग्नाचा हंगाम, वर ऊन, आणि नवी डीपी काही लवकर आली नाही. गुड्डूभाऊंनी जनरेटरवर काउंटरपुरतं काम चालवलं, मागच्या खोलीतलं मशीन तसंच पडून राहिलं. हे आम्हा दोघांना माहीत होतं. सर निवांत होते. "येऊ द्या त्याले. आला का बाकीचे दोघं सांगतीन, बाबा, तुयाइथले इतके इतके मेले." पण नवी डीपी बसेपर्यंत तेरवी उलटून गेली होती. फुलचूर आणि तिरोड्याने मेल्यांच्या चिठ्ठ्या काढून टाकल्या होत्या. सडक अर्जुनीचं मशीन सुरतेच्या भाच्यासारखं जागं झालं, हातात साडी घेऊन. बाकी दोघांनी आपल्याकडूनच हरवले समजून ते डबे परत मागून घेतले, आणि ते नवे आलेले फोटो म्हणून सगळीकडे दिसायला लागले.

गुड्डूभाऊंच्या काचेच्या शोकेसमध्ये हायवेकडे तोंड करून एक टीव्ही होता. नवे आलेले फोटो त्यावर आपोआप फिरायचे. ती कल्पना माझी, आणि तोवर मला तिचा अभिमान होता. बाजाराच्या दिवशी प्रणालीचे वडील दुसऱ्या लग्नाचा फोटोग्राफर ठरवायला तिथे गेले. टीव्हीवर त्यांची मुलगी जुन्या जावयाच्या गळ्यात हार घालत होती. बाजाराला आलेली चार माणसं पाहत उभी होती.

मला फोन प्रणालीचाच आला. आवाज एकदम सपाट. "काकू, येऊन बसली आहे मी."

आम्ही पोचलो तेव्हा ती खरंच गुड्डूभाऊंच्या शोकेसला पाठ लावून प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली होती. टीव्ही बंद केलेला. शेजारी एक मुलगा थंडाची बाटली धरून उभा. मला वाटलं भाऊ असेल. गुड्डूभाऊ आत काउंटरमागे असे लपले होते की मला देवरीचा फोटोग्राफर आठवला.

"टीव्ही बंद केला न बाई," सर म्हणाले.

"टीव्ही बंद केला. तुमचं दुकान चालूच आहे. मी मोबाइलवर तुमची साइट उघडून पाहिली, सगळे परत आले." तिने सरांकडे सरळ पाहिलं. "उद्या यांच्या घरच्या बाया येऊन राहिल्या इथं, बांगड्या भरायले. अल्बमचे नमुने पाहायले इथंच येणार. कोणीबी बोट लावलं तं तो निघते."

'यांच्या' म्हटल्यावर मुलाने मान खाली घातली. तेव्हा कळलं, हाच नवरदेव. मी त्याला विचारलं, "तुम्ही पाहिले?"

"पाहिले," तो म्हणाला. मग आत काउंटरकडे बघत मोठ्याने म्हणाला, "लोकाइचे डोकेच कापून राहिला फोटोग्राफर. आमच्या लग्नाले दुसरा पाहा."

"अरे भैया, वो फ्लॅश का प्रॉब्लेम था," काउंटरमागून आवाज आला. प्रणाली हसली नाही, पण खुर्चीत जरा सैल झाली.

सरांनी तिच्यापुढे कारणं सांगितली नाहीत. तेरवीची गोष्ट तर अजिबात नाही. माझी तयारी होती, त्यांनी तोंड उघडलं असतं तर मी पायावर पाय दिला असता. ते एवढंच म्हणाले, "मी मारले पण सगळ्याईले सांगितलं नाही. आता सांगतो. सगळे आयकलं म्हणत नाही तंवर तुम्ही उठू नोका."

गुड्डूभाऊंच्या काउंटरवर बसून त्यांनी नवा नियम लिहिला. खर्रा नाही, दारात उभं राहणं नाही. दिवस मोजायचे नाहीत. मेल्याची चिठ्ठी प्रत्येक मशीनला पाठवायची, प्रत्येकाने उलट सांगायचं की ऐकलं, आणि तिघांचं उत्तर आल्याशिवाय तेरवी करायची नाही. मग एक दिवस लागो की एक वर्ष. उत्तर काय असावं याचा त्यांनी विचार केलाच नाही, बोलता बोलता जे तोंडात होतं तेच टाइप केलं: आयकलं.

सडक अर्जुनीचं उत्तर लगेच आलं. ते तर भिंतीपलीकडेच होतं. फुलचूरचं आलं. तिरोड्याचं येईना. फोन केला तर कळलं, तिथली वीज गेली आहे.

"दोन जागी गेले न," गुड्डूभाऊ म्हणाले. "सांगून द्या झालं म्हणून. तिसरा कोण पाहून राहिला?"

"मागच्या वेळी असंच म्हटलं होतं मी," सर म्हणाले.

त्यांनी तिरोड्याच्या स्टुडिओवाल्याला जनरेटर लावायला सांगितलं. तो लग्नाच्या वरातीत फोटो काढत होता. सरांनी त्याला वरातीतून काढून स्टुडिओत पाठवलं, काय शब्द वापरले ते लिहिण्यासारखे नाहीत. हायवेवर ट्रक जात होते, ऊन कलायला लागलं होतं. नवरदेवाने थंडा सगळ्यांना वाटला, गुड्डूभाऊंनाही. प्रणाली खुर्चीत बसून राहिली. मी बाहेर तिच्याजवळ उभी होते. असल्या वेळी बोलून वातावरण हलकं करणाऱ्या बायका मला आवडत नाहीत, तिलाही बहुधा आवडत नसाव्यात.

मग आतून सरांनी हाक मारली. ती उठली, आत गेली, पडद्यावर वाकली. एकाखाली एक तीन ओळी होत्या. आयकलं. आयकलं. आयकलं. तिने स्वतःच्या मोबाइलवर शोधून पाहिलं, काही नव्हतं. तिने टीव्ही स्वतःच्या हाताने लावला आणि बराच वेळ त्याच्यासमोर उभी राहिली. कोणाच्या तरी नामकरणाचे फोटो फिरत होते.

"आता तरी मेला न?" तिने विचारलं.

"तिन्ही घरी मेला," सर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मुलाकडच्या बाया आल्या, बांगड्या भरल्या, नमुने पाहिले, आणि फोटोग्राफर म्हणून गुड्डूभाऊंनाच ठरवून गेल्या. लग्नाला आम्ही गेलो. प्रणालीच्या वडिलांनी सरांची ओळख पाहुण्यांना करून दिली ती अशी: "आमच्या जुन्या जावयाले जित्ता करणारे सर ते हे." सरांनी नमस्कार केला. जेवताना मात्र मला म्हणाले, "भात बोटा झाला." म्हणजे मऊ गिचका. हा माणूस पंगतीत भाताला नावं ठेवतो म्हणून बंगलोरचा साहेब किती वैतागला असेल, याची मला त्या दिवशी पुरती कल्पना आली.

पुढे मोबाइल इतके झाले की लोकांना फोटो ठेवायची गरज राहिली नाही, नुसते काढायचे असतात. स्टुडिओ एकेक करून दूरच्या मोठ्या कंपन्यांकडे भाड्याची जागा घ्यायला लागले. "तिथंही चिठ्ठ्या अन् डब्बेच आहेत," सर म्हणायचे. "फक्त तेरवी कोण करते ते आपल्याले माहीत नाही." मी धंदा आवरता घेतला. तिरोड्याचं मशीन आणलं, फुलचूरचं बंद केलं. सडक अर्जुनीचं तेवढं राहिलं होतं. त्यातलं जुनं सगळं एकदा उतरवून घ्यायला दोघांनी मिळून जायचं ठरलं होतं.

त्याआधीच सर गेले. दुपारी जेवून उठले, हात धुतले, बाजेवर टेकले आणि गेले. भात चांगला झाला होता, असं त्यांच्या बायकोने मला दोनदा सांगितलं. तेरवीला गर्दी होती. घरातल्या डब्यांवरच्या चिठ्ठ्या तशाच होत्या, आणि मी पाहिलं, आता साखरेच्या डब्यात साखर होती.

तेरवी झाल्यावर काही दिवसांनी मी एक छोटा टेम्पो ठरवून सडक अर्जुनीला गेले. गुड्डूभाऊ मधले दोन महिने मुलीच्या बाळंतपणासाठी रायपूरला होते, आदल्याच दिवशी परतले होते. मला पाहून त्यांनी शेजारच्या ढाब्यावर चहा सांगितला, आणि पानठेल्याकडे तोंड करून ओरडले, "सरचा खर्रा घोट रे. चुना कमी."

मी खुर्चीवर बसले.

"सर मागून येऊन राहिले का? काऊन, गाडीत जागा नव्हती?" ते म्हणाले. "येऊ द्या. मले त्यायची चांगली खरडपट्टी काढायची आहे. फोनच नाही उचलून राहिले. दोन डाव लावला मी रायपूरहून."

चहा आला. मी तो पूर्ण प्यायले. तेवढा वेळ त्या दुकानात सर चांगले जिवंत होते, फोन न उचलणारे, मागून येणारे. मग मी सांगितलं. मला आडवळणाने सांगता येत नाही, दोन वाक्यांत सांगितलं.

गुड्डूभाऊ काउंटरवरची काच पुसत होते. पुसत राहिले. "तेरवी?"

"झाली."

"तुमच्याइथं झाली असंन," ते म्हणाले. "मले तं आता सांगितलं न तुम्ही. माह्याइथं आज मेले ते."

पानठेल्यावरचा पोऱ्या खर्रा ठेवून गेला. तो काउंटरवर तसाच पडला. मागच्या खोलीतल्या मशीनची घरघर भिंतीतून येत होती. टेम्पोवाला दाराशी आला आणि विचारायला लागला, मॅडम, मशीन उचलू का, मला पुढे साकोलीचं भाडं आहे.

मी त्याला तेवढ्याच फेरीचे पैसे दिले. म्हटलं, आज नाही. तेरा दिवसांनी ये.